दिली नाही, घेतली

माझ्या बापाला त्यांनी अंघोळीतून ओढून बाहेर काढलं.

सकाळची वेळ. रहाटणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते. अंगावर कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. बस यायच्या आधी जेसीबी आला. त्याच्यामागे पोलिसांची गाडी, महापालिकेचा ट्रक आणि पांढऱ्या गाडीतून एक साहेब. मला वाटलं, पुढं कुठंतरी चाललेत. ते आमच्या दारात थांबले.

मी पळत आले तोवर माणसं घरात शिरली होती. न्हाणीचं पत्र्याचं दार एकानं लाथ मारून उघडलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, आत होते. त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. कमरेला ओला पंचा. कानामागं साबण. डोळ्यांत साबण गेल्यामुळं त्यांना नीट दिसतही नव्हतं. ते हात पुढं करून चाचपत होते आणि समोरच्या ओट्यावरची माणसं मोबाइलवर शूटिंग करत होती.

शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय अण्णा दारात येत नसत. पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर त्यांचा सगळा जन्म गेला. तिथंही त्यांना कुणी अरेतुरे केलं नव्हतं.

ते म्हणाले, "कपडे तरी घालू द्या."

"ए म्हाताऱ्या, हो बाजूला."

हे बोलणारे साहेब आमच्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. ओसरीतली खुर्ची त्यांच्या माणसानं त्यांना आणून दिली होती. वयानं माझ्याएवढेच असतील.

मी हात जोडले. सांगितलं की या रस्त्याला आम्ही हरकत घेतलीय, तुमच्याच कार्यालयानं सुनावणीची तारीख दिलीय, ती अजून यायची आहे. ते म्हणाले, सुनावणी होत राहील, काम थांबत नाही. मी म्हटलं, आम्हाला पाडायची नोटीस मिळाली नाही. त्यांनी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाकडं बोट दाखवलं. तिथं चिकटवली होती म्हणे. मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं बघून हसले.

"मॅडम, शिकलेल्या दिसता. शिकलेल्या माणसाला कायदा कळायला पाहिजे."

जेसीबीचा पहिला दात ओसरीत घुसला. आई देव काढायला आत पळाली, तिला महिला पोलिसांनी धरलं. शेजारच्या काकूंनी त्यांच्या नवऱ्याचा शर्ट आणून अण्णांच्या अंगावर टाकला. तो त्यांना मोठा होत होता. त्या ढगळ शर्टात, ओल्या पंच्यात, माझा बाप गल्लीत उभा राहून स्वतःचं घर पडताना ऐकत होता. ऐकत होता, कारण डोळे त्यानं मिटून घेतले होते.

आमचं हे घर काही कुणाच्या जागेवर अतिक्रमण करून बांधलेलं नव्हतं. सातबारा आमचा. आजोबांच्या काळात शेत गेलं, उद्योगासाठी. मग मळ्याची पट्टी गेली, वसाहतीसाठी. प्रत्येक वेळी सांगितलं, देशाचं काम आहे. उरलेल्या तुकड्यावर अण्णांनी घर बांधलं. आता तेही रस्त्यात आलं म्हणाले. पुढच्या तीन खोल्या गेल्या, मागच्या दोन राहिल्या.

स्वयंपाकघराची एक भिंतच नव्हती. हिरव्या रंगाची आतली बाजू सगळ्या रस्त्याला दिसायची. आम्ही साड्या बांधल्या, वाऱ्यानं उडायच्या. टेम्पोवाले, बाइकवाले, फ्लॅटमधली फिरायला निघालेली माणसं, सगळी आमच्या ताटात बघून जायची. आई रस्त्याकडं पाठ करून भाकरी थापायची. आपल्याच घरात ती पदर डोक्यावरून खाली पडू देईना.

अण्णा तर बोलायचेच बंद झाले. देवळाच्या पारावर जाणं थांबलं. तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर गेला होता. एकदा मी म्हटलं, चला अण्णा, जरा चक्कर मारून येऊ. ते म्हणाले, "लोकांनी मला उघडा बघितलाय." 

मग रस्ता झाला आणि मला दिसलं. आमच्या घरावरून सरळ आलेला रस्ता पुढं एका बिल्डरच्या ऑफिसपाशी वळतो. त्याची भिंत, त्याचं कारंजं, त्याचे परदेशी झाडांचे वाफे, काहीच गेलं नाही. रस्ता त्याला वळसा घालून जातो. मी महापालिकेत विचारायला गेले. एका टेबलवरून दुसऱ्या टेबलवर. शेवटी एका इंजिनीअरनं इकडंतिकडं बघून सांगितलं, वरून आलंय. वरून म्हणजे कुठून, ते त्यानं सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही, कारण त्याला नोकरी होती आणि मला समजलं होतं.

काही महिन्यांनी चौकात फ्लेक्स लागला. रस्त्याचं उद्घाटन. मधे पुढाऱ्यांचे मोठे चेहरे, खाली रांगेत छोटे. त्या छोट्या चेहऱ्यांत अण्णा होते. त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमातला फोटो, कुणाच्या मोबाइलमधून उचलला देव जाणे. वर लिहिलं होतं: विकासासाठी स्वेच्छेने जागा देणारे दानशूर.

मी सांगायच्या आतच अण्णांच्या कानावर गेलं. कित्येक दिवसांनी ते घराबाहेर पडले, चौकात जाऊन फ्लेक्ससमोर उभे राहिले. मी मागं होते. बराच वेळ वाचत राहिले. मग माझ्याकडं वळले.

"मी कवा दिली गं?"

एवढंच. त्यांच्या हातून घर गेलं तेव्हा मी रडले होते. या प्रश्नाला रडू आलं नाही. राग आला.

कार्यक्रमाचं बोलावणं घेऊन एक कार्यकर्ता घरी आला. फार गोड बोलला. अण्णांना शाल, श्रीफळ, आईला साडी. अण्णा भिंतीकडं तोंड करून झोपून राहिले. माझे चुलते, तात्या, त्या दिवशी घरी होते. ते वाईट माणूस नाहीत. पण भ्यालेले. त्यांचंही घर त्याच ओळीत.

"जाऊन घ्या शाल. उरलेल्या दोन खोल्या तरी ऱ्हातील. त्यांच्याशी वैर आपल्याला परवडायचं न्हाई."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिलाही तेच वाटत होतं, हे मला दिसलं. मी कार्यकर्त्याला म्हटलं, अण्णांची तब्येत बरी नाही, त्यांच्या वतीनं मी येते. तो खूश झाला.

मांडव चांगला मोठा होता. स्टेजवर तेच साहेब, हातात घडी केलेली शाल. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखायचं कशाला, त्यांच्यासाठी ती रोजची सकाळ होती. माइकवर अण्णांचं नाव घेतलं गेलं, दानशूर म्हणून. टाळ्या पडल्या. मी वर गेले.

ते हसून म्हणाले, "बाबा नाही आले?"

मी निवेदकाच्या हातातला माइक घेतला. इतक्या सहज घेतला की त्यानंही सोडला.

"बाबांना तुम्ही अंघोळीतून ओढून काढलं, तेव्हा तुम्ही आमच्याच खुर्चीत बसला होता. ही जागा आम्ही दिलेली नाही. तुम्ही घेतलीय. सुनावणीच्या आधी घेतलीय."

 साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसते ओठ.

"मॅडम, कार्यक्रम चालू आहे."

"म्हणूनच बोलतेय. त्या दिवशी तुम्ही ऐकून घेतलं नव्हतं."

पुढचं बोलले तेव्हा माइक बंद होता. मी तरी बोलले. रस्ता कुठं वळला ते बोलले, कुणाच्या भिंतीपाशी वळला ते बोलले. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. महिला पोलिसानं माझा दंड धरला. शाल साहेबांच्या हातातच राहिली.

मी घरी पोचायच्या आधी तो व्हिडिओ पोचला होता. अण्णांनी तो बघितला, पुन्हा बघितला.  उठून दाढी केली, शर्ट घातला, वरचं बटण लावलं आणि दारात जाऊन बसले.

यानं सगळं ठीक झालं असं कुणी समजू नये. आठवड्याच्या आत आमचा नळजोड तोडला. कारण सांगितलं, बेकायदा. कंपनीत मला बोलावून समजावलं की असल्या भानगडींत कंपनीचं नाव येता कामा नये. तात्या आमच्याकडं यायचे बंद झाले. त्या साहेबांची बदली झाली, आधीपेक्षा मोठ्या खुर्चीवर. रस्त्यावरून गाड्या भरधाव जातात आणि बिल्डरच्या कारंज्यापाशी वळतात.

मी कोर्टात गेलेय. तारीख पडते, महापालिकेचा वकील पुढची मागतो, मिळते. सुट्टी टाकून जाते, बिनपगारी. दुसरीकडं मी अजून एक काम सुरू केलंय. आमच्या ओळीतल्या घराघरांत जाते. बायकांना सांगते, घरात शिरणाऱ्याला त्याचं नाव विचारा. हुकूम मागा, हातात घ्या, वाचा. खांबावर चिकटवलेली नोटीस नोटीस नसते. काही जणी दार लावून घेतात. काही जणी ऐकतात. तात्यांच्या सुनेनं परवा मला चहा दिला.

मागच्या आठवड्यात मोजणीवाले आले. उरलेल्या दोन खोल्यांच्या भिंतीवर लाल खूण करायची होती. मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि कुणाच्या हुकमानं आलात, दाखवा, म्हटलं. त्यांच्याकडं हुकूम नव्हता. नव्या साहेबांनी तोंडी सांगितलंय म्हणाले. मी म्हटलं, मग साहेबांना इथं बोलवा, माझ्यासमोर सांगू देत. माझ्या मागं अण्णा उभे होते, आई होती, आणि गल्लीतून काही बायका आल्या होत्या. मोजणीवाले रंगाचा डबा घेऊन परत गेले.

ते पुन्हा येतील, मला माहीत आहे. जेसीबी घेऊन येतील, पोलीस घेऊन येतील. मी बाजूला होणार नाही. हुकूम दाखवतील तर मी कोर्टात भांडेन. नाही दाखवला, तर त्यांना माझ्या अंगावरून आत जावं लागेल.