मागून म्हणणारं कोणी नाही

साठी उलटल्यावर मी बी.ए.ला नाव घातलं. प्रवेशाच्या खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "मेजर काय घेता, मायनर काय?" मी म्हटलं, मेजर संगीत, दुसरं काय! ती म्हणाली, "आजी, बारावीला संगीत नव्हतं तुमचं. पहिल्या वर्षी मायनरच मिळेल. वर्षअखेरच्या प्रात्यक्षिकात मॅडमना पसंत पडलं तर बदलून देतील." झालं, मराठी मेजर म्हणजे मुख्य, आणि संगीत मायनर म्हणजे नुसतं जोडीला. मराठीशी माझं भांडण नाही हो, पण या वयात घराबाहेर पडले होते ती गाण्यासाठी.

गाणं मला कोणी शिकवलं नाही. रेडिओवरून उचललं, आणि आमच्या महिला भजन मंडळात घासूनपुसून लख्ख केलं. मंडळात पुढे म्हणणारी मी. मी ओळ म्हणायची आणि थांबायचं. मग झांजा वाजवत बाकीच्या बायांनी तीच ओळ मागून म्हणायची. तेवढ्यात मी श्वास घेते, पदर सावरते, उशिरा आलेलीला बसायला जागा दाखवते.

हीच सवय कॉलेजात आडवी आली. मॅडम माझ्या लेकीहून लहान. भूप राग शिकवत होत्या. मी बंदिशीची ओळ म्हटली आणि थांबले. तबला आपला चालूच.

"काकू, थांबलात का?"

"म्हणा ना तुम्ही आता," तोंडून निघूनच गेलं. पार विमानतळाकडच्या मिहानकडून स्कूटीवर येणारी माझ्या शेजारची पोरगी तर डोळे पुसेपर्यंत हसली.

मॅडमही हसल्या, मग म्हणाल्या, "काकू, इथं मागून म्हणणारं कोणी नसतं. ओळ तुमची, ती वाढवायचीही तुम्हीच. हे जमलं तरच मेजरचं बोलू."

मग घरी रियाज सुरू. मोबाइलवर तानपुरा लावून दार लोटून बसायचे. मी ओळ म्हटली की बाहेरच्या खोलीतून पेपर वाचता वाचता हे तीच ओळ म्हणायचे. आणि तेही बेसूर.

"अहो, तुम्ही काहून म्हणून राहिले मधात?"

"तू थांबली ना वं. मले वाटलं माझा नंबर आला."

"मी सवयीनं थांबते जी!"

"मंग मी बी सवयीनंच म्हणतो."

अशा घरात काय रियाज होणार, सांगा.

प्रात्यक्षिकाला बाहेरच्या एक परीक्षक बाई आल्या होत्या. शेजारी आमच्या मॅडम, बाजूला तबलेवाले दादा. पहिली ओळ अशी गोड लागली, की मीच खूश झाले. आणि त्या खुशीत थांबले!

तबला चालला होता, वर पंखा फिरत होता. दादांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मॅडमनी डोळेच मिटून घेतले. मी मनात म्हटलं, गेलं मेजर! आता इथं आमच्या बाया असत्या तर ओळ केव्हाच उचलली असती. आमची काटोलवाली नेहमीसारखी मागे राहिली असती, शेवटचा शब्द खेचत खेचत.

आणि तिच्यासारखाच तो शब्द मी खेचला. खालच्या सुरावरून, सावकाश. बरा लागला की! मग पुन्हा ओळ घेतली, आणि या खेपेला मंडळातल्याच माझ्या धाकट्या जावेसारखी एकदम वर उडी मारून गिरक्या घेत खाली आले. प्रत्येकीच्या वाट्याचं मीच म्हणत गेले. राग भूपच ठेवला, तेवढं भान होतं.

परीक्षक बाईंनी विचारलं, "राग असा फुलवायला कुणाकडे शिकलात?"

"आमच्या मंडळातल्या बायांकडे," मी म्हटलं. त्यांना ती थट्टा वाटली.

मॅडम मागोमाग बाहेर आल्या. "काकू, मेजर! आता सकाळी लवकर यावं लागेल बरं, मेजरचे तास पहिले असतात."

त्या शुक्रवारी मी मंडळात बसले ती भलत्याच तोऱ्यात. ओळ म्हटली आणि न थांबता खेचली, वर नेली, खाली आणली. जावेनं झांज खाली ठेवली.

"काहून वं बाई, एकटीच गाऊन राहिली? आम्ही का चहा प्यायलेच आलो इथं?"

काटोलवाली म्हणाली, "मेजर तुले भेटलं, आमची सुट्टी काहून करून राहिली?"

मी मुकाट्यानं ओळ म्हटली आणि थांबले. त्यांनी ती उचलली, काटोलवाली मागे राहिली ती राहिलीच. एरवी एवढ्यात मी पदर सावरला असता. या वेळी नीट कान देऊन ऐकत बसले. पुढच्या वर्षीही परीक्षा आहेच.