गोठ्यातली चूल

वाशीमला मालगाडी थांबायला लागली, मागोमाग कापसातली सरकी काढायचा कारखाना आला, आणि आमच्या बैलांना गोठा सोडावा लागला. त्या कारखान्याला आम्ही सगळे जिन म्हणत असू. दिवाळी झाली की जिनात कामाला माणसं यायची, कुणी अनसिंगकडची, कुणी पैनगंगेपलीकडच्या निजामाच्या मोगलाईतली. त्यांना पाठ टेकायला जागा हवी होती आणि आमच्या गल्लीला भाडं. बघता बघता घरोघरच्या गोठ्यांत कूड घालून कोठड्या झाल्या. विहिरीवर ओळखीच्या बायका कमी आणि नव्या जास्त दिसायला लागल्या, तशी जुन्यांनी नाकं मुरडली. भाडं मात्र कुणी नाकारलं नाही, हेही सांगायला हवं.

माझ्या सासूबाईंची भाडेकरूला एकच अट असे. "तीन गोट्यायवर रांधा. मातीची चूल मांडाची नाही." गोटे उचलून माणूस निघून जातो, चूल मांडली की तो राहिलाच, असं त्यांचं म्हणणं. जिनाचा हंगाम संपला की अक्षय्य तृतीयेला कोठडी रिकामी झालीच पाहिजे.

मी नवी सून होते त्या वर्षी एक जोडपं आलं. तिच्या कडेवर तान्ही मुलगी. नदीकाठचं त्यांचं घर पुरात गेलं होतं, परत जायला जागाच नव्हती. पुढं नवऱ्याला स्टेशनावर पोती उचलायचं बारमाही काम लागलं आणि तिनं एका दुपारी कोठडीच्या कोपऱ्यात गुपचूप चूल मांडली. छान लिंपलेली, पांढऱ्या मातीचा हात फिरवलेली.

ती मी पाहिली आणि सासूबाईंना जाऊन सांगितलं. नव्या सुनेला सासूची मर्जी हवी असते. मला ती फारच हवी होती. अजून लाज वाटते.

सासूबाई कुदळ घेऊन गेल्या. ती भाकर भाजत होती. मान वर न करता म्हणाली, "पेटती चूल फोडता काय, माय?"

सासूबाई जागीच थबकल्या. आमच्याकडे विस्तव असलेल्या चुलीला कुणी धक्का लावत नसे. "इझन ना कवातरी," त्या म्हणाल्या. "मंग फोडतो."

त्या दिवसापासून तिनं चूल विझू दिली नाही. स्वयंपाक झाला की गोवरीचा निखारा राखेत दडवून ठेवायची. सासूबाई बाहेर बांधलेल्या बैलांना बघायचं निमित्त करून सकाळ-संध्याकाळ आत डोकावत. गल्लीतल्या बायकांना तर चघळायला विषयच मिळाला. "इझली काय वो?" असं त्या येता-जाता विचारत, आणि सासूबाई फणकारत. कुदळ आमच्या दाराशीच टेकवलेली असे. मला मात्र तिच्याकडे बघवत नसे.

अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आली असताना तिला हिवतापानं गाठलं. नवरा पहाटेच स्टेशनावर गेलेला. दुपारी पोरीचं रडणं थांबेना म्हणून मी गेले. ती गोधडीत कुडकुडत होती, शुद्ध नव्हती. राख बोटानं सारली तर तळाशी नखाएवढा निखारा उरलेला.

या वेळी मी कुणाला काही सांगितलं नाही. परसात पळत गेले, दोन गोवऱ्या पदराखाली घेतल्या. परतताना पाहिलं तर दाराशी सासूबाई नव्हत्या, आणि कुदळही नव्हती. मी कोठडीकडे धावले.

कोठडीत धूर भरला होता. सासूबाई चुलीपुढे उकिडव्या बसून फुंकत होत्या, पोर त्यांच्या मांडीवर. कुदळ उंबऱ्याबाहेर पडली होती. त्या काय करायला आल्या होत्या, ते मी कधी विचारलं नाही.

"पाहून काय राह्यली? आन त्या गोवऱ्या," त्या डोळे पुसत म्हणाल्या. मी दिल्या. जाळ लागला तशी त्यांनी भांड्यात पेजेला पाणी ठेवलं.

ते जोडपं आमच्याकडेच राहिलं. ती पोर आमच्याच अंगणातून सासरी गेली, आणि पाठवणीच्या वेळी सगळ्यांत मोठ्यानं सासूबाईच रडल्या.

पण त्या दुपारी पेज ढवळताना त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं होतं. म्हणाल्या, "कोनाले सांगू नको. तुले सवय हाय."

नाही सांगितलं. त्या होत्या तोवर एका शब्दानं नाही सांगितलं.