ऐतवारीचा कासरा

भिंगरीअण्णांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आमच्या घरी चहा प्यायचे तेसुद्धा एक पाय पायरीवर आणि एक पाय अंगणात ठेवून. बाहेर त्यांची फटफटी सुरूच असायची, कारण ती एकदा बंद पडली की गावातली पोरं गोळा करून ढकलावी लागायची. बशीतला चहा फुंकायलाही त्यांना सवड नसे. जीभ भाजून घ्यायचे आणि वर म्हणायचे, "फक्कड झालाय, वहिनी." ते गेले की आई भांडी उचलता उचलता म्हणायची, "ह्यांची बायको ह्यांना जेवाय कशी घालत असंल, देव जाणे. ताटामागं पळत असंल."

पायाला भिंगरी लागलेला माणूस म्हणून भिंगरीअण्णा. नाव गावानं ठेवलेलं आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. एकदा बाहेरच्या पाहुण्यांपुढे आमच्यातलं एक पोरगं बोलण्याच्या भरात "भिंगरीअण्णांचे आभार" म्हणून गेलं. आम्ही सगळे गारठलो. पहिले हसले ते अण्णाच.

ते मूळचे लोणी भापकरचे. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, पोराला शिकवलं, आणि पोरगा वालचंदनगरच्या कारखान्यात स्टोअरला चिकटला. कॉलनीत क्वार्टर होतं, पगार वेळेवर होता. दुसरा कुणी असता तर पाळी सुटल्यावर पंख्याखाली पडला असता. हे पाळी सुटली की फटफटीवर टांग टाकून निमगाव केतकीच्या अलीकडच्या आमच्या वाडीला यायचे. का यायचे, असं आबांनी एकदा विचारलं होतं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, घरातले आणि वाडीतलेही कर्ते. अण्णा म्हणाले, "माझ्या बापानं एकच शिकिवलं, आबा. कुणी काय दील म्हणून बसायचं न्हाय. मला आता बसायलाच येत न्हाय."

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. मंडळ म्हटलं की गणपती, वर्गणी आणि कर्णा एवढंच आम्हाला माहीत. अण्णांनी आबांच्या रिकाम्या गोठ्यात पोरांचं वेगळंच मंडळ काढलं. त्यात कर्णाही नव्हता आणि वर्गणीही नव्हती. प्रत्येक पोरानं एक काहीतरी स्वतःचं वाढवायचं. कुणाचा मेथीचा वाफा, कुणाच्या कोंबड्या, कुणाची शेळी. डाळिंबाच्या फांदीला गुटी बांधून कलम करायला शिकलेली पोरं बापाच्या बागेत जाऊन बापालाच शहाणपण शिकवायची आणि धपाटे खायची. नियम एकच होता, ज्याचं त्यानं करायचं. आजारी पडलात तर मंडळातल्या दुसऱ्या पोराला सांगा, पण आईबापाला हात लावू द्यायचा नाही. रविवारच्या सभेत प्रत्येकानं उभं राहून आपलं काय जगलं आणि काय मेलं ते सांगायचं. मेलं असं सांगायला लाज वाटली की अण्णा म्हणायचे, "माझ्या हातनं लई मेल्यात. पुढं बोल."

आणि ते खोटं नव्हतं. आम्हाला धीर धरायला सांगणारा हा गृहस्थ स्वतः पेरलेलं बी दुसऱ्याच दिवशी उकरून बघायचा. टोमॅटोची रोपं अजून मातीत डोळे उघडतात तोच अण्णा बोटानं माती बाजूला सारून, "आलं का रं?" शाळेच्या पटांगणात आम्ही लिंब आणि करंज लावले, तर आल्या आल्या प्रत्येक रोपाला हलवून बघायचे, धरलं की नाही म्हणून. शेवटी पोरींनी त्यांना झाडांच्या रांगेत यायची बंदी घातली. त्यांनी ती मुकाट्यानं पाळली आणि कुंपणाच्या बाहेरून फेऱ्या मारत राहिले. आज ती झाडं शाळेच्या कौलांच्या वर गेली आहेत. अण्णांना लांब ठेवल्यामुळेच ती जगली, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे.

माझ्या वाट्याला कालवड आली. आमच्या संकरित गाईला रविवारी झाली म्हणून मी तिचं नाव ऐतवारी ठेवलं. तिला धुणं, चारा घालणं, गोचिड काढणं सगळं माझ्याकडे. पहाटे गोणपाटाची खोळ डोक्यावरून घेऊन मी गोठ्यात जायची आणि त्याच गोणपाटानं तिला घासायची. ती मान लांब करून उभी राहायची. ओढायची कधी वेळच आली नाही. मी पुढे चालले की ती मागे यायची, आणि मला वाटायचं, ही अशी कुणाच्याही देखत येईल.

ती वर्षाची होऊन गेली तेव्हा बारामतीला जनावरांचं मोठं प्रदर्शन भरणार असल्याचं कळलं. अण्णा फटफटी थेट गोठ्यापर्यंत घेऊन आले. "शालन, ऐतवारी न्यायची! रिंगणात फिरवायची!" पण संध्याकाळी आबांनी ओट्यावर बसून निकाल दिला. "न्या की. पण कासरा बाळू धरल." बाळू माझा थोरला भाऊ. त्यानं ऐतवारीला वर्षभरात वैरणीची काडीही टाकली नव्हती. "पोरीच्या जातीनं एवढ्या माणसांत जनावर वढायचं, बरं दिसतंय व्हय?"

"वाढवलं तिनं, कासरा तिचा," अण्णा म्हणाले. त्यांचा एक पाय पायरीवर होता.

आबा कधी आवाज चढवत नसत. सुपारी कातरत ते म्हणाले, "बरं. धरू दे तिला. पण पोरीच्या हातनं जनावर सुटलं, तर त्या दिसापास्नं मंडळात पोरी न्हाईत. गोठा माझा हाय. चालतंय?"

"चालतंय," अण्णा म्हणाले आणि फटफटीवर बसून गेलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पोरींनी त्यांना वाटेतच गाठलं. मंडळात पोरी निम्म्याहून जास्त होत्या. शाळा सुटल्यावर घराबाहेर पडायला ती एकच वाट होती आम्हाला. सगळ्यात धाकटी होती ती कोंबड्यावाली शकू. तीच पुढे झाली. "अण्णा, आमाला इचारलं का तुमी? शालीच्या कालवडीपायी आमच्या कोंबड्या का जाव्यात?" अण्णांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "चुकलं गं. माझी जीभ बी माझ्यागतच पळती." पण शब्द गेला होता. आबांपुढे तो मागे घ्यायचा म्हणजे कासरा बाळूच्या हातात द्यायचा, आणि ते पोरींनाही नको होतं. तेव्हापासून सगळ्या जणी माझ्या गोठ्यात यायला लागल्या. एक खरारा करी, एक खूर घासी, एक मला सांगे, "घट्ट धर बाई." माझी झोप उडाली.

प्रदर्शनाच्या दिवशी आईनं मला नवं पोलकं-परकर नेसवलं. केसांना वासाचं तेल, तोंडाला पावडर, वेणीत मोगऱ्याचा गजरा. पोरींनी ऐतवारीला अंगाच्या साबणानं धुतलं, शिंगांना हिंगूळ लावला, गळ्यात घुंगरं बांधली. ज्याला त्याला वाटलं, आपण मदत करतोय. अण्णा टेम्पोभोवती फेऱ्या मारत "चला, चला" करत होते. मला बायकांबरोबर पुढे बसवलं आणि ऐतवारी मागे गेली. तिच्या खाली अंथरायला कुणीतरी गोठ्यातलं ते जुनं गोणपाट टाकलं.

बारामतीच्या त्या मैदानात माणसंच माणसं होती. बांबू रोवून, दोरी बांधून गोल रिंगण केलेलं. टेम्पोतून ऐतवारी उतरली ती डोळे मोठे करूनच. मी जवळ गेले तर तिनं नाक पुढे केलं, हुंगलं आणि मागे सरकली. मी हाक मारली. तिनं कान टवकारले, पण पाय हलवेना. आवाज माझा आणि वास भलत्याच कुणाचा. पावडर, तेल आणि मोगऱ्यात मी कुठेच नव्हते. तेव्हा हे मला उमगलं नाही, मी फक्त घाबरले. पंचांनी नंबर पुकारला. मी कासरा ओढत तिला रिंगणात नेलं. चार पावलं आली, मग कर्णा खरखरला, तिनं मान झटकली आणि कासरा माझ्या तळहाताची साल काढून निघून गेला.

ऐतवारी रिंगणाच्या पार पलीकडे. लोक हसायला लागले. "पोरगी नटलीया लगनाला!" कुणीतरी ओरडलं. बाळू दोरीखालून आत शिरायला लागला. शकू रडायला लागली. मी अण्णांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत कुणी शेंबूड पुसायला उशीर केला तरी धावून येणारा माणूस, आता तो रिंगण ओलांडून येणारच, असं मला वाटलं. त्यांनी बाळूला एकदाच म्हटलं, "बाळू, माघारी हो. तिचं तिला करू दे." आणि स्वतः बांबूला पाठ लावून, हात मागे घेऊन उभे राहिले. पाऊल हललं नाही. त्यांना असं एका जागी मी पहिल्यांदा पाहत होते. मला त्यांचा भयंकर राग आला. खरं सांगते, त्या रागानंच माझं रडं थांबलं.

येणार नाहीत तर नाहीत. मग मीच विचार करायला लागले. ही माझ्याकडे का येत नाही? हुंगून मागे का गेली? आणि मी टेम्पोकडे पळाले. लोकांना वाटलं, पोरगी पळाली. मी ते गोणपाट ओढून काढलं, शेणामुताचं, तसंच डोक्यावरून घेतलं, गजरा उपटून फेकला आणि रिंगणात परत आले. नव्या परकरावर घाण ओघळत होती. हसण्याचा नुसता गदारोळ झाला. मी रिंगणाच्या मध्यावर उभी राहिले आणि रोज पहाटे घालायची तशी हाक घातली, "ये गं ऐते, ये."

ती आली. धावत नाही, आपली रमतगमत, कासरा मातीतून ओढत. तिनं गोणपाटात तोंड खुपसलं आणि एक लांब फुसकारा टाकला. मी वाकून कासरा उचलला आणि रिंगणाची फेरी पुरी केली. नंबर बिंबर काही आला नाही. पंचांनी हसून मान हलवली आणि पुढची कालवड बोलावली.

जनावर सुटलं होतं, ते आबांसकट सगळ्यांनी पाहिलं होतं. परतताना अण्णांच्या तळहाताला रुमाल गुंडाळलेला होता. मी विचारलं तर म्हणाले, "टेम्पोचा फाळका लागला." रविवारी सभेला पोरी दारातच घुटमळत उभ्या होत्या. आबा काठी टेकत आले. सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "सुटलं तर पोरी न्हाईत, आसं मी म्हणलो हुतो. सुटलं." "पर सुटल्यालं जनावर ज्याच्याकडं माघारी येतं, त्यालाच धनी म्हणायचं. बसा गं आत. दारात काय उभ्या ऱ्हायल्याय?" शकू आनंदानं अशी ओरडली की अंगणातल्या सगळ्या कोंबड्या उडाल्या. अण्णा त्या वेळी गोठ्यात नव्हते. बाहेर फटफटीभोवती फिरत होते.

पुढे दोन-तीन वर्षांत मंडळ आपल्या पायांवर उभं राहिलं आणि अण्णांचं येणं कमी झालं. मी भांडले. ते म्हणाले, "चालत्या गाड्याला ढकलायचं कशाला? लोणीला पोरं वाट बघत्यात." चहा अर्धा टाकून गेले. मला फार लागलं ते. माझं लग्न ठरलं तेव्हाही धावत आले, अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आत गेले.

मी याच तालुक्यात नांदते. गोठा आहे, आणि आमच्या गावातल्या पोरांचं मंडळ मी चालवते. बऱ्याच वर्षांनी कळलं, अण्णा फटफटीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, लोणीला खाटेवर आहेत. मी गेले. पांघरुणाखाली पाय हलत होते. मला बघून म्हणाले, "मंडळ कसं हाय?" त्यांची खुशाली विचारायला मला वेळच दिला नाही. मी सांगितलं, परवा एका पोराची शेळी अडून बसली, मला राहवेना, मीच जाऊन ओढली. मग विचारलं, "अण्णा, त्या दिशी बारामतीला तुमी हलला कसं न्हाय? मला लई राग आलता तुमचा."

त्यांनी हात पुढे केला. तळव्यावर एक जुना पांढरा व्रण होता. "फाळका न्हवता गं तो. मागं हात घालून बांबू धरला हुता. कामटी शिरली आत. सोडला असता तर पळतच आलो असतो तुझ्याकडं, आणि तिथंच पोरींचं मंडळ संपलं असतं." मग म्हणाले, "पळायला काय लागत न्हाय, शालन. उभं ऱ्हायला लई बळ लागतं."

मी उठायला लागले तर म्हणाले, "बस की जरा." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी बसले. आम्ही दोघं नुसते बसून राहिलो. त्या पावसाळ्यात अण्णा गेले. एवढा पळणारा माणूस, पण शेवटी निरोप घ्यायला वेळ देऊन गेला, याचं मला बरं वाटतं आणि रडूही येतं.

यंदाच्या प्रदर्शनात आमच्या मंडळातल्या एका पोरीचं करडू रिंगणाच्या मध्यावर फतकल मारून बसलं. लोक हसायला लागले. पोरीनं ओठ काढला आणि गर्रकन माझ्याकडे पाहिलं. माझं पाऊल उचललंच होतं. मी ते खाली ठेवलं, हात मागे नेले आणि मांडवाचा बांबू घट्ट धरला.