सासऱ्यांचं अर्धं यकृत

आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना माझ्या सासऱ्यांइतका त्रास अख्ख्या वसई तालुक्यात कोणाला होत नसेल. त्यांना कंजूष मात्र म्हणता येणार नाही. ते कधीच 'नाही' म्हणत नाहीत, फक्त दिलेल्या वस्तूबरोबर स्वतः जातात. निर्मळला त्यांची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी आहे. शेजाऱ्याने शिडी मागितली की तिचं एक टोक हे आपल्या खांद्यावर घेतात, त्याचा पंखा बसेपर्यंत शिडी धरून उभे राहतात आणि दोन कप चहा पिऊन शिडीसकट घरी येतात. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा निघताना पाऊस लागला. मी छत्री मागितली. सासरे स्टॉपपर्यंत आले, बस येईपर्यंत छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि मी पायरीवर चढताच "सावकाश जा" म्हणून छत्री घेऊन मागे वळले. मुलगी तेवढी त्यांनी माझ्याबरोबर एकटी कशी पाठवली, याचं मला अजून नवल वाटतं.

हा माणूस सख्ख्या धाकट्या भावाशी अकरा वर्षं बोलत नव्हता. दोघांच्या वाड्या लागून, आणि मधल्या कुंपणावरून बिनसलेलं. भावाने ते हातभर अलीकडे सरकवलं, असं सासऱ्यांचं म्हणणं; ते आपोआप कललं, असं काकांचं. माझी बायको त्यांना काका म्हणते, म्हणून मीही. दोघे समोरासमोर आले की आपापल्या केळींशी मोठमोठ्याने बोलत, तेही घरच्या बोलीत. जावयाला तिचा अर्थ सांगायचा नाही, असं त्या घरात ठरलेलंच होतं.

मग काकांना कावीळ झाली आणि ती हटेना. डॉक्टरांनी सांगितलं की यकृत पार निकामी झालंय, दुसऱ्याचं मिळालं तरच काही आशा. मृत दात्याच्या यकृतासाठी रांग मोठी. काकूंचा रक्तगट जुळेना, मुलगी अजून शाळेत. सासूबाईंनी हे जेवताना सांगितलं, तेव्हा सासरे ताक पिऊन उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते एव्हरशाईन सिटीत आमच्या दारात उभे.

"जावईबापू, जरा बघून सांगा. यकृत कापून दिलं तर परत वाढतं म्हणतात. खरं का?"

मी वाचून सांगितलं, "वाढतं, मामा. काही महिन्यांत जवळपास पूर्वीइतकं होतं."

"जवळपास म्हणजे?"

"जवळपास म्हणजे जवळपास. पण शस्त्रक्रिया मोठी आहे. जिवालाही धोका असतो."

"ते मी विचारलं का?" असं म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि थेट डॉक्टरांकडे गेले.

तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. त्यांच्या यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग काढून काकांना बसवला. सासरे शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई डोळे पुसत वाकल्या, तर हे नर्सला विचारत होते, "पोचलं का तिकडे नीट?"

नंतर मात्र त्यांचा मूळ स्वभाव उफाळून आला. जरा चालता येऊ लागताच ते मास्क लावून रोज दोन वेळा काकांकडे जाऊ लागले. बोलणं नाही, समोर खुर्ची टाकून नुसतं बघत बसायचं. "माझी वस्तू आहे, लक्ष नको?" गोळीला पाच मिनिटं उशीर झाला तरी खाकरायचे. काकांनी एकदा वडापाव मागवला, तो यांनी उचलून स्वतः खाल्ला. डॉक्टरांनी समजावलं, "शरीर परकं यकृत स्वीकारत नाही, म्हणून या गोळ्या कायम घ्यायच्या." तेव्हा सासरे खुर्चीतून उठलेच. "परकं? सख्ख्या भावाचं आहे!" अकरा वर्षांत त्यांनी काकांना भाऊ म्हटलेलं घरात कोणी ऐकलं नव्हतं. काका भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नाक पुसत राहिले.

काकांना संसर्गाच्या भीतीने मातीत हात घालायला बंदी. तेव्हा पुढे बरे झाल्यावर सासरेच दोन्ही वाड्या बघू लागले. काका ओट्यावरून सूचना देतात, हे खालून भांडतात. अजून दोघांचं एकमत म्हणून होत नाही, पण आता भांडण एकमेकांशी असतं, केळींशी नाही.

परवा चाफा तोडताना मी सहज विचारलं, "मामा, भीती नाही वाटली?"

त्यांनी एक फूल खुडलं. "मला आधी आत नेलं. त्याच्या खोलीवरून स्ट्रेचर जात होतं. हा दाराला धरून उभा. म्हणाला, 'दादा, तुला दुखेल ना रे?' लहानपणी काटा काढताना विचारायचा तसं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? आवाजच फुटला नाही. स्ट्रेचर पुढे गेलं." त्यांनी फूल परडीत ठेवलं. "आता रोज भेटतो. पण तेवढं सांगायचं राहूनच गेलं."