श्रीदेवीबाईंच्या नाताळच्या रेकॉर्डी

श्रीदेवीबाई उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. दिवाळीपर्यंत पाहुणेरावळे, फराळ, नातवाचं दुखणं यात दिवस निघून गेले. डिसेंबर लागला आणि त्यांचं घरात बूड टेकेना. पुसलेले डबे पुन्हा पुसायचे, दारात जायचं, रस्ता बघायचा, परत आत यायचं.

"काय हरवलंय का तुझं?" त्यांच्या यजमानांनी, चनबसप्पांनी विचारलं.

"गाणं," त्या म्हणाल्या.

बाई मूळच्या वळसंगच्या. नर्स होऊन सोलापुरात आल्या आणि मिशनच्या दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथल्या मेट्रनबाई दर डिसेंबरात टेबलावर रेकॉर्डप्लेअर मांडून नाताळची इंग्रजी गाणी लावायच्या. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांना त्यातलं अक्षरही कळत नसे, गाण्यातले शब्द श्रीदेवीबाईंच्याही ध्यानात राहिले नाहीत. पण एक चाल होती, संथ, लांबवलेली. ती लागली की त्या औषधांचा ट्रे घेऊन खाटांमधून फिरत. पुढं मेट्रनबाई वारल्या, प्लेअर कुठं गेला कुणास ठाऊक. तरी डिसेंबर आला की वॉर्डात फिरताना ती चाल त्यांच्या ओठांवर यायचीच.

सुनेनं, ऋतुजानं, मोबाईलवर एकामागून एक गाणी लावून दाखवली.

"ही का, आई?"

"ही पळती गं. आमची चालायची."

शेवटी त्या मंगळवारच्या जुन्या बाजारात गेल्या. पंखे, रेडिओ, कुलपं मांडून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "क्या होना, अम्मा?" सांगायला नाव नव्हतं, म्हणून त्यांनी भर बाजारात चाल गुणगुणली. त्यानं ती ऐकून घेतली आणि पोत्याखालून रेकॉर्डींचा गठ्ठा ओढला. सगळ्या सिनेमाच्या. एकाच कव्हरावर बर्फात बुडालेलं झाड आणि घंटा होत्या. तेवढी त्यांनी घेतली.

"वाजवणार कशावर?" चनबसप्पा म्हणाले. "आणि आपल्यात कुटं नाताळ असतो? भावकी विचारंल की."

"विचारू द्या."

पुढच्या बाजारातून आणखी रेकॉर्डी आल्या. एक लहान मुलांच्या आवाजातली, एक बँडची, एक मराठी नाताळगीतांची, जिचं कव्हर उंदरांनी कुरतडलं होतं. बाईंनी त्या ओल्या फडक्यानं पुसून ताटांसारख्या मांडणीत उभ्या केल्या.

प्लेअर निघाला शिवानंदच्या माळ्यावर. शिवानंद लग्नकार्यात लाऊडस्पीकर लावायचा. हल्ली डीजेपुढं त्याला कोण विचारतंय? "सुई गेलीया, अक्का," तो म्हणाला. "पुण्याहून मागवावी लागंल." बाई त्याला रोज सकाळी फोन करू लागल्या. त्यानं फोन उचलायचं सोडलं, तेव्हा त्या थेट दुकानात जाऊन बसल्या.

नाताळच्या आदल्या दुपारी तो प्लेअर घेऊन घरी आला. रेकॉर्डी एकेक वाजल्या. बाई प्रत्येकीला नकारार्थी मान हलवत राहिल्या. शेवटी घंटांच्या कव्हरातली लागली, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला त्या थबकल्या.

"हीच हाय. पण हीच न्हाय."

शिवानंदनं जरा विचार केला. "तुमच्या दवाखान्यातलं मशीन जुनं होतं का?"

"लई. थाप मारल्याशिवाय सुरू व्हायचं नाही."

"मग दम नसंल त्यात. हळू फिरत असंल." त्यानं फिरत्या रेकॉर्डीच्या कडेला बोट हलकेच टेकवलं. आवाज जाड झाला, लांबला.

श्रीदेवीबाई उठल्याच. पलंगावरची चादर ओढून सरळ केली, उशी थोपटली, खिडकीपाशी गेल्या, तिथून स्वयंपाकघरात, पुन्हा बाहेर.

"आता तरी बस की," चनबसप्पा म्हणाले. "एवढी वणवण केलीस."

"बसून ऐकायचं गाणं न्हाय हे."

चनबसप्पा उठले. त्यांनी मधला टीपॉय भिंतीशी सरकवला, म्हणजे तिला फिरायला वाट मोकळी झाली. शिवानंदचं बोट दुखायला लागलं, पण गाणं संपेपर्यंत त्यानं ते काढलं नाही.

गाणं सापडलं तरी बाईंचं बाजाराला जाणं थांबलं नाही. मांडणी भरली, तेव्हा स्टीलची पातेली माळ्यावर गेली. जानेवारीत चनबसप्पा अक्कलकोटला कामाला गेले होते, ते काखेत एक रेकॉर्ड घेऊन आले. कन्नड भजनांची निघाली.

"नाताळची मिळाली न्हाय," ते म्हणाले. "ही घे."

बाईंनी ती पुसून इतरांच्या शेजारी लावली आणि विचारलं, "तितं अजून होत्या का? सकाळची गाडी कितीला असती?"