दोन मजल्यांचा वर्कग्रुप

शिवानीला माणसांचा वीट आला होता, आणि तो काही एका दिवसात आला नव्हता. सात वर्षं ती कोल्हापुरात घरोघर जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करत होती. पेठ वडगावहून सकाळी साडेसातची एसटी, पर्समध्ये पेचकस, टेस्टर, वायरीला टोक बसवायची पक्कड. दारात पहिला प्रश्न ठरलेला, "इंजिनियर मागनं येत्यात काय?" मीच हाय म्हटलं की दुसरा, "आडनाव काय म्हणायचं?" ते कळलं की काही घरांत पाण्याचा तांब्या आतल्या आतच परत जायचा. शी! यांच्या कीबोर्डात भडंगाचे शेंगदाणे, माऊसच्या बुडाला बोटभर मळ, मशीन उघडावं तर झुरळांचा भरला संसार, आणि ही माणसं हिचं आडनाव चाळणीतून गाळणार! घरी जाऊन ती कोपरापर्यंत हात धुवायची, तरी तिला स्वच्छ वाटायचं नाही.

म्हणून तात्यासाहेबांचा निरोप आला तेव्हा तिचा जीव त्यात अडकला. तात्यासाहेब एका पतसंस्थेचे चेअरमन. संस्थेत चौदा कॉम्प्युटर, आणि ते सांभाळायला वर्षभराचं माणूस हवं होतं. म्हणजे रोज एका जागी जायचं, एका खुर्चीवर बसायचं, आणि पुन्हा कुणाच्या उंबऱ्यावर उभं राहून आडनाव सांगायचं नाही. पण तात्यासाहेब असे सरळ काम देतील तर ते चेअरमन कसले? म्हणाले, "आदी आमच्या घरातली दोन मशिनं जोडून दाव. ती चालली तर चौदा तुझीच म्हण."

ही दोन हजार पाच सालच्या जानेवारीतली गोष्ट. घर दुमजली. खाली तात्यासाहेब, वर त्यांचा धाकटा भाऊ पिराजी. चुली वेगळ्या, पण शेतीच्या पाइपांचा धंदा एकत्र. पिराजी वरच्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांची दरपत्रकं तयार करायचा, आणि प्रिंटर खाली तात्यांकडे. वायर जिन्याच्या खिडकीतून आधीच ओढलेली होती. वरची फाइल खाली दिसावी आणि छापून निघावी, एवढंच काम.

एवढंच! शिवानीनं वायर तपासली, दोन्हीकडे हिरवा दिवा लागत होता. खालच्या मशिननं वरच्याला चारदा हाक मारली, चारही उत्तरं आली. म्हणजे रस्ता मोकळा होता. वरच्या मशिनचा फायरवॉल, म्हणजे परक्याला अडवणारा पहारेकरी, आडवा येत होता, तो तिनं बाजूला केला. फोल्डर शेअर केलं. तरी खालच्या पडद्यावर वरचं मशीन दिसेना. मग तिनं वर्कग्रुपचं नाव बघितलं. वर्कग्रुप म्हणजे कॉम्प्युटरांची गल्ली म्हणा. दोघांनी एकाच गल्लीचं नाव सांगितलं की एकमेकांची दारं पडद्यावर दिसतात. खालच्याचं नाव होतं 'भैरी' आणि वरच्याचं 'तोफखाना'. आधीच्या कुणीतरी काहीबाही टाकलं असेल, असं समजून तिनं वरही 'भैरी' घातलं. मशीन बंद करून चालू केलं आणि फाइल खाली आली, छापूनही निघाली. तात्यासाहेब खूश. जिन्यात पिराजी मात्र नुसता "हं" म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तात्यासाहेबांचा फोन. "आगं पोरी, दिसत न्हाय काय बी!"

ती धावली. वायरच सैल असेल म्हणून दोन्ही टोकं नवी बसवली. पुन्हा बंद पडलं तेव्हा नेटवर्कचं कार्ड बदललं. त्याच्या पुढच्या वेळी पदरची नवी वायर आणली आणि अख्खा रविवार जिन्यात उकिडवं बसून घालवला. दरवेळी ती शेवटाला सगळंच नव्याने घालायची, नावासकट, आणि दरवेळी ते चालायचं. चूक आपलीच, असं तिच्या मनानं घेतलं होतं. इकडे तात्यासाहेब संस्थेत सांगत सुटले, "बाईमाणसाचं काम कच्चंच की वो. कोण दुसरा बघाय पायजे." ते तिच्या कानावर आलं.

पाचव्या खेपेला तिनं कशालाही हात लावण्याआधी नाव बघितलं. वर 'तोफखाना'.

"पिराजीदादा, ह्ये तुम्ही बदललासा?"

"बदलणारच की!" पिराजी छाती काढून म्हणाला. "माझ्या घरात, माझ्या मशिनवर भैरी तालमीचं नाव? मेलो तरी न्हाय चालायचं!"

मग तिला सगळं कळलं. कोल्हापुरातला फुटबॉल म्हणजे तालमींचा, पेठापेठांतल्या मंडळांचा फुटबॉल. अठरा वर्षांचा असताना पिराजी भैरी तालमीच्या बाकावर हंगामभर बसून राहिला, शेवटी वैतागून तोफखाना तालमीकडून उतरला आणि फायनलला त्यानं भैरीवरच गोल मारला. भैरीचा व्यवस्थापक कोण, तर तात्यासाहेब. त्याला वीस वर्षं झाली. अजून फुटबॉलचा हंगाम लागला की दोघांचं बोलणं बंद व्हायचं, आणि आता हंगाम ऐन भरात होता.

शिवानीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एकाचे केस पिकलेले, दुसऱ्याचं पोट सुटलेलं, आणि या घोड्यांच्या हट्टापायी तिच्या पोटावर पाय! तिनं दोन्हीकडे 'धंदा' असं नाव घातलं. दोघंही हसून बरं म्हणाले. संध्याकाळी खाली 'भैरी', वर 'तोफखाना'. वरच्या मशिनचा नंबर टाकून आडवाटेनं फाइल उघडता येते, तेही तिनं शिकवलं. पण तात्यासाहेबांना दोन बोटांनी नंबर बडवायचा कंटाळा. त्यांना पडद्यावर चित्र दिसायला हवं होतं, आणि तेही भैरीच्याच नावाखाली.

ती तडक पतसंस्थेत गेली. "तात्या, माझं काम कच्चं न्हाय. तुम्हा दोघा भावांचं नावावरनं चाललंय. ह्ये संचालकांस्नी सांगा."

तात्यासाहेबांनी केबिनचं दार लोटून घेतलं. तपकीर ओढली, रुमालात नाक शिंकरलं आणि तो रुमाल टेबलावर तसाच ठेवला. शिवानीनं आपली खुर्ची मागे सरकवली.

"तुझं काम पक्कं हाय, मला ठावं हाय की," ते म्हणाले. "आता असं कर. वरच्या मशिनवर भैरी घाल, आन् पासवर्ड टाक. त्याला बदलता येऊ ने. सोमवारपासनं हितं ये."

"दादांस्नी इचारून?"

"इचारून कशाला? मशीन घेतलंय धंद्याच्या पैशानं. करतीस का दुसऱ्याला बोलवू?"

शिवानी उठली. याच्या तोंडावर थुंकावं, असं तिला खरोखर वाटलं. आणि शनिवारी, पिराजी माल उतरवायला गडहिंग्लजला गेलाय हे माहीत असताना, ती वरच्या मजल्यावर गेली.

पिराजीची बायको प्रीती तिला बघून हरखली. "या ताई! जेवल्याबिगर सोडणार न्हाय." सात वर्षांत कोल्हापुरातल्या या एका घरानं तिला आडनाव विचारलं नव्हतं. प्रीतीनं तिला स्वयंपाकघरात आपल्या शेजारी बसवून वांग्याचं कालवण आणि गरम भाकरी वाढली. मग प्रीती भांडी घासायला गेली आणि शिवानीनं मशीन चालू केलं. वर्कग्रुप भैरी. पिराजीचे हक्क काढून त्याला आपल्याच मशिनवर साधा वापरणारा केलं. सगळे बदल ज्याच्या हातात असतात त्या मुख्य खात्याला पासवर्ड टाकला आणि तो चिठ्ठीवर लिहून घेतला. काम दहा मिनिटांचं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. इतकं बिनचूक काम तिनं त्या घरात आधी कधी केलं नव्हतं. चिठ्ठी तिनं खाली तात्यांच्या हातात दिली.

सोमवारी तिला खुर्ची मिळाली. फिरती खुर्ची, टेबल, वर पंखा. चौदा मशिनं पुसून तिनं स्वच्छ केली. दुपारी तात्यासाहेब तिच्या टेबलाशी उभे राहून इकडच्या तिकडच्या गप्पा मारत असताना फोन वाजला. पिराजी होता.

"ताई, भावानं घात केला वो! कुणाला तरी घरात घालून माझ्या मशिनला कुलूप लावलंय. तुमच्या वहिनीला इचारलं, कोण आलंतं? तर म्हणती ताईच तेवढ्या आलत्या. तात्याचा पोरगा तर म्हणतोय तुम्हीच केलं. मी त्याला सांगितलं, त्या बाईचं नाव काढलंस तर जीभ हासडीन. माझ्या घरात जेवलेलं माणूस असलं करायचं न्हाय."

तात्यासाहेब तिच्याकडेच बघत होते.

"ताई? ऐकतासा न्हवं? येऊन तेवढं काढून द्या की. तुमच्याशिवाय इश्वासाचं दुसरं कोण हाय?"

"दादा, मला सवड न्हाय," ती म्हणाली. "दुसरं कोण तरी बघा."

मग पिराजी अगदी हळू म्हणाला, "असू द्या. तुमची नवी नोकरी, तात्याच्या हाताखाली. तुम्ही तरी काय करणार? मला कळतंय. काळजी करू नगासा, मी कुणाला काय बोलायचो न्हाय." आणि त्यानं फोन ठेवला.

"शाबास!" तात्यासाहेब म्हणाले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर थाप मारली.

आजवर तिला लोकांच्या मळाची, तांब्याची, रुमालाची किळस यायची, आणि त्या किळसेत एक आधार होता की घाण त्यांची आहे. ती संस्थेच्या बेसिनशी गेली, नळ सोडला आणि साबण घेऊन कोपरापर्यंत हात चोळत राहिली. शिपाई दारात येऊन थांबला. "म्याडम, पाणी जपून वापरा, टाकी संपत आलीया," तो म्हणाला. तिनं नळ बंद केला आणि जाऊन खुर्चीवर बसली.