चौथी ढाल

ओटिलियाचा नवरा गेला आणि आठवडा उलटायच्या आत तिचा दीर योब्स्ट गढीत येऊन बसला. कायदाच तसा! मुलगा नाही म्हटल्यावर जमीन, गढी, तळ्यातले मासेसुद्धा भावाचे. मग पोरीचं काय करायचं? लग्न लावायचं तर हुंडा हवा, आणि तोही आता दिराच्याच मुठीत. उरलं एकच दार, माइन नदीकाठचा खानदानी मुलींचा मठ. तिथे शिरली की सिबिलाच्या अन्नवस्त्राची जन्माची ददात मिटली असती.

पण त्या मठाची तऱ्हाच न्यारी. मुलीची अक्कल नको, भक्ती नको. चारही आजी-आजोबांच्या खानदानी कुळांची चिन्हं असलेल्या ढाली फळीवर रंगवून आणा आणि त्या खऱ्या असल्याची दोन सरदारांना शपथ घ्यायला लावा, झालं! सिबिलाच्या ढाली तीनच. चौथी आणणार कुठून? ओटिलियाची आई वालपुर्गा पडली बिअर गाळणाऱ्याची लेक.

"त्यात काय, वहिनी," योब्स्ट म्हणाला. "एका बुडालेल्या घराण्याची ढाल रंगवून घेतलीय. विचारायला त्यांच्यात कुणी उरलेलं नाही. तुम्ही फक्त गप्प बसा. आणि म्हातारीला दाई म्हणा."

जनाची नाही तर मनाची तरी! याच म्हातारीच्या माहेरच्या बिअरवर ओटिलियाचा हुंडा उभा राहिला, आणि त्या हुंड्यातून या गळक्या गढीवर कौलं चढली. तेव्हा बिअरचा वास कुणाच्या नाकाला झोंबला नव्हता.

ओटिलिया तडकून उठली, पण वालपुर्गानंच तिला खाली बसवलं. "म्हण की दाई. माझ्या अंगाला काय भोकं पडतात?"

मठाच्या देवळात सरदारांनी शपथेसाठी दोन बोटं वर केली. वालपुर्गा नातीची गळपट्टी नीट करत होती.

"ए दाई, हो मागे!" मठाची मुख्य बाई खेकसली. "मुलीला हात लावू नकोस."

"चुकलं, बाईसाहेब." म्हातारीनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

तो हात ओटिलियाला बघवला नाही.

"हात काढू नकोस, आई," ती मोठ्यानं म्हणाली. "नात आहे तुझी."

फळी तिथल्या तिथे उतरवली गेली. खोटी शपथ घ्यायला आलेल्या सरदारांना कुणी चकार शब्द बोललं नाही, उलट त्यांना जेवायला बसवलं. खरं बोलली तिला दार दाखवलं. वा रे खानदान!

गाडीत वालपुर्गा लेकीवर कडाडली. "मला मान हवाय असं कधी म्हटलं होतं मी? माझी हाडं गेली मसणात! पोरीला अख्खा जन्म काढायचाय. आता काय खाईल ती, तुझा बाणा?"

"आपण खाऊ ते खाईल!" ओटिलियाही ओरडली. "तुला दाई म्हणवून मिळालेला घास तिच्या घशाखाली उतरला असता का?"

दोघींच्या मध्ये सिबिला हमसून हमसून रडत होती. तिला मठात जायचं होतं, आणि ते तिला कुणी विचारलंच नव्हतं.